रात्रपाळीतला लेंट आणि निखाऱ्यावरची भाकर

संभाजीनगरच्या एका दवाखान्यात नर्स असलेल्या ताईंचा लेंटबद्दल, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळाबद्दल, प्रश्न आहे. थोडक्यात असा: "माहेर जालन्याकडचं. दर वर्षी लेंटमध्ये मटण, अंडी, गोड सोडते. चाळीस दिवस मोजते, ईस्टरला बिर्याणी करते, संपलं. आत काहीच हलत नाही. यंदा निम्मे दिवस रात्रपाळी आहे आणि घरात चर्चला जाणारी मी एकटीच. या काळात आत्म्याला खरंच काही मिळावं म्हणून काय करू?"

सलाम, ताई.

तुमचं वाचून मला आधी एकच विचारावंसं वाटलं. रात्रपाळीवरून आल्यावर तुम्ही किती तास झोपता? चेष्टा करत नाही. जालना, अंबड, घनसावंगी या पट्ट्यात पस्तीस वर्षं पाळक म्हणून काढली, आता निवृत्त होऊन घरी बसलोय. "पाळकसाहेब, आतून काही वाटतच नाही" म्हणत लेंटमध्ये जे लोक माझ्याकडे आले, त्यांतले बरेचसे नुसते दमलेले होते. त्यांच्या श्रद्धेला काही झालेलं नव्हतं.

म्हणून यंदा पहिला धडा मत्तयाच्या शुभवर्तमानातला काढू नका. बायबलच्या जुन्या करारातलं १ राजे, अध्याय १९ काढा. संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या भीतीनं पळत सुटलाय. रानात एका झुडपाखाली बसतो, "पुरे झालं, माझा जीव घे" म्हणतो आणि झोपी जातो. देवाचा दूत येतो आणि एक शब्दही उपदेश न करता त्याला हलवून म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर असते आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो, पाणी पितो, पुन्हा आडवा होतो. दूत त्याला झोपू देतो! मग दुसऱ्यांदा उठवतो, खा म्हणतो, वाट लांबची आहे. त्या जेवणाच्या बळावर तो चाळीस दिवस आणि चाळीस रात्री चालून होरेब डोंगराला पोचतो.

लेंटचे चाळीस दिवस आपण प्रभू येशूच्या अरण्यातल्या उपासाशी जोडतो, मोशेच्या सीनाय डोंगरावरच्या दिवसांशी जोडतो. ते बरोबरच आहे. पण एलीयाचे चाळीस दिवस जेवून सुरू होतात, हे आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, फारसं कुणी सांगत नाही. मीही पहिली कितीतरी वर्षं सांगितलं नव्हतं. मला स्वतःलाच ते उशिरा उमगलं आणि ते कसं उमगलं ते सांगायला थोडी लाज वाटते.

पाळकपणाचं दुसरंच वर्ष. तरुण रक्त. मी ठरवलं की चाळीस दिवस फक्त रात्री एकदा जेवायचं, दिवसभर पाणी. मंडळीतही सांगून टाकलं. आठवड्याभरात माझा आवाज चढायला लागला. मुलगी रडली तरी चिडायचो, संदेश लिहिताना कुणी दार वाजवलं तरी चिडायचो. पंधराव्या-सोळाव्या दिवशी बायकोनं भाकरी थापता थापता मान वर न करता म्हटलं, "उपास तुमचा अन् सोसायचा आम्ही." त्या रात्री मी यशयाचा ५८ वा अध्याय उघडला, दुसऱ्यांसाठी नाही, स्वतःसाठी. तिथे लोक देवाला विचारतात, आम्ही उपास केला तो तुला दिसत कसा नाही? देव म्हणतो, उपासाच्या दिवशी तुम्ही भांडता, मजुरांकडून राबवून घेता. मला हवा तो उपास म्हणजे भुकेल्याला आपल्या भाकरीतली वाटून देणं, उघड्याला वस्त्र देणं, आपल्याच रक्तामांसाच्या माणसाला तोंड न लपवणं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी जेवलो.

तेव्हा तुम्ही काय सोडलं ते तुम्ही लिहिलंत. सोडल्यावर जी जागा रिकामी झाली तिचं काय केलंत, ते तुमच्या प्रश्नात नाही. माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. मटण सोडलं आणि त्या जागी पनीर आलं. गोड सोडलं आणि तो वेळ मोबाईलनं खाल्ला. आपल्या मराठी मुलखात "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण हिंदू शेजाऱ्यांसाठी आहे असं समजून आपण हसतो, पण आपला लेंटही पुष्कळदा साबुदाण्याच्या खिचडीचाच असतो.

आता हिशोब आधी नीट करून घ्या, कारण तुम्ही दिवस मोजता म्हणालात. यंदा, २०२६ साली, राखेचा बुधवार, म्हणजे लेंटचा पहिला दिवस, १८ फेब्रुवारीला आहे आणि पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, ५ एप्रिलला. बुधवार धरून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर ४६ दिवस भरतात. चाळीस कसे? त्यात सहा रविवार येतात आणि रविवार उपासात धरत नाहीत. दर रविवार हा लहानसा ईस्टर. त्यामुळे रविवारी जेवा, गोड खा, मनात किंतु ठेवू नका. चाळीस दिवस एकसारखा चेहरा पाडून बसणं ही मंडळीची मूळ रीत नाही.

सक्ती किती, हाही प्रश्न लोकांना पडतो. कॅथलिक मंडळी याला उपवासकाळ म्हणतात आणि त्यांचे नियम लेखी आहेत. पूर्ण उपासाचे दिवस दोनच, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार. त्या दिवशी एकदा पोटभर आणि दोनदा थोडंसं, तेही १८ ते ५९ या वयातल्या धडधाकट माणसांनी. शुक्रवारी मांस वर्ज्य. आजारी माणूस, गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई यांना सूट. आपल्या प्रोटेस्टंटांकडे तर तेवढंही बंधन नाही. तुमच्या माहेरची जालन्याकडची मंडळी स्कॉटिश मिशनच्या कामातून उभी राहिली. रेव्ह. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं ती ही परंपरा. तिची जडणघडण प्रेस्बिटेरियन, राख-बिख फारशी नाही. औरंगाबादेकडे काम केलं ते सीएमएसनं (चर्च मिशनरी सोसायटी), म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या अँग्लिकनांनी. त्यांच्याकडे चर्चचं वर्ष, रंग, काळ हे सगळं होतं. १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि दोन्ही वाटा एका अंगणात आल्या. तुमच्या आजीनं कपाळावर राख लावून घ्यायला कां-कूं केली असेल तर तिचंही चूक नव्हतं. नर्सला हे सांगायला नको, तरी लिहितो: शुगर असेल, गोळ्या चालू असतील, किंवा रात्रभर उभं राहायचं असेल तर उपाशी राहण्याचा हट्ट करू नका. हात थरथरत सलाईन लावलेलं देवाला आवडेल असं मला वाटत नाही.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू तीन गोष्टी लागोपाठ सांगतो: दानधर्म, प्रार्थना, उपास. या तीन वेगळ्या गोळ्या नाहीत. चुलीला तीन दगड लागतात, दोनवर तवा कलंडतो. उपासातून दोन गोष्टी वाचतात, पैसा आणि वेळ. पैसा दुसऱ्याकडे गेला की दान. वेळ देवाकडे गेला की प्रार्थना. दोन्ही घरातच राहिले तर ते नुसतं पथ्य झालं.

पैशाचं सोपं आहे. मटण किलोमागे सातशे-आठशेच्या घरात गेलंय. महिन्यात दोनदा आणत असाल तर किती वाचतात ते तुम्हीच धरा. पण शेवटी एकदम हिशोब करून पाकीट टाकू नका. त्याच दिवशी, त्याच वेळी बाजूला काढा. घनसावंगीकडच्या एका वाडीत एक म्हातारी होती. तिच्याकडे मटण सोडायला मटणच नव्हतं. तिनं मुष्टीफंडाचा डबा केला होता, डालड्याचा जुना डबा. रोज सकाळी जोंधळे दळायला घेताना त्यातली एक मूठ डब्यात. लेंट संपताना तो डबा घेऊन ती चर्चला यायची आणि म्हणायची, "हे देवाचं नाय, शेजारणीचं हाय, तुमी पोचवा." का, तर शेजारणीच्या लेकीला सासरहून परत पाठवल्यानं ती अडचणीत होती आणि तिनं हातात दिलं असतं तर घेतलं नसतं. मी त्या बाईकडून लेंट शिकलो म्हटलं तरी चालेल. तुमच्या वॉर्डात अशी माणसं तुम्हाला शोधावी लागणार नाहीत. पेशंटजवळ बसलेला, गावाकडून आलेला, वडापाववर दिवस काढणारा नातेवाईक प्रत्येक वॉर्डात असतो. फक्त फोटो काढू नका. "लेंट दिवस सातवा" असं स्टेटस ठेवणाऱ्यांना मी काही बोलत नाही, पण डोक्याला तेल लाव, तोंड धू, उपास आहे हे लोकांना दिसू देऊ नकोस, हे त्याच सहाव्या अध्यायात आहे.

वेळेचं मात्र अवघड आहे आणि खरं पोषण तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पश्चिमेकडच्या मंडळीत फार जुन्या काळापासून सात स्तोत्रं पश्चात्तापाची म्हणून वेगळी धरली आहेत: ६, ३२, ३८, ५१, १०२, १३० आणि १४३. संत ऑगस्टीन ४३० साली शेवटच्या आजारात अंथरुणावर होते तेव्हा त्यांनी पश्चात्तापाची स्तोत्रं लिहवून समोरच्या भिंतीवर लावून घेतली होती, आणि ती वाचत ते रडत असत, असं त्यांच्यासोबत राहिलेल्या शिष्यानं नोंदवलंय. पडल्या पडल्या पेशंटला भिंत किती दिसते, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? राखेच्या बुधवारचा अर्धा आठवडा धरला तर लेंटचे आठवडे सातच होतात. आठवड्याला एक स्तोत्र घ्या. रोज तेच. नवीन वाचायचा मोह आवरा. मोठ्यानं वाचा, निदान ओठ हलवून. दहा मिनिटं पुरतात. आठवड्याअखेर त्यातली एक ओळ पाठ झालेली असते आणि ती कुठेही सोबत येते.

ही स्तोत्रं तुमच्यासाठी मी मुद्दाम काढली. सहाव्यात तो म्हणतो की मी रात्रभर रडून अंथरूण भिजवतो. १०२ मध्ये म्हणतो, मला झोप नाही, घराच्या धाब्यावर एकट्याच राहिलेल्या चिमणीसारखा मी झालोय. आपल्या गावाकडची धाब्याची घरं ज्यानं पाहिली आहेत त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आणि १३० हे तर रात्रपाळीचंच स्तोत्र आहे. पहाटेची वाट बघणाऱ्या पहारेकऱ्यांपेक्षा माझा जीव प्रभूची जास्त वाट बघतो. ही ओळ तिथे लागोपाठ दोनदा येते. पहाटे चारला, सगळा वॉर्ड शांत झाल्यावर, खिडकीबाहेर अजून काळोख असताना घड्याळाकडे बघणारी नर्स ही ओळ जशी वाचेल तशी मी व्यासपीठावरून कधीच वाचू शकलो नाही. तेव्हा रात्रपाळी ही अडचण आहे असं धरून चालू नका. मठांमधले संन्यासी मुद्दाम मध्यरात्री उठून प्रार्थना करतात. तुम्हाला सरकारनं किंवा मालकानं उठवून ठेवलंय, एवढाच फरक.

घरात तुम्ही एकट्या आहात म्हणालात. जोडीला एक माणूस शोधाच, चर्चमधली एखादी बाई, आठवड्यातून एकदा फोनवर तेच स्तोत्र दोघींनी मिळून म्हणायचं. कॉटेज मीटिंगला, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेला, जमलं तर जा, न जमलं तर कष्टी होऊ नका. आणि गात राहा. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांच्यासारख्यांनी आपल्या मंडळीला अभंगात आणि भजनात प्रार्थना करायला शिकवलं. ज्या मातीत पैठणचे एकनाथ, नरसीचे नामदेव आणि गंगाखेडच्या जनाबाई झाल्या तिथल्या माणसाच्या तोंडात देवाचं नाव चालीवरच बसतं. भांडी घासताना भजन म्हणणारी बाई लेंटच्या सभेत पेंगणाऱ्या माझ्यासारख्यापेक्षा बरी. यंदा रमजानही आपल्या लेंटबरोबरच सुरू होतोय. तुमच्या ड्यूटीवर रोजा धरणाऱ्या मैत्रिणी असतील. तुलना करू नका, पण त्यांच्या वेळेचा काटेकोरपणा जरूर बघा. सूर्य मावळला म्हणजे मावळला, "जमेल तसं" नाही.

समेटाबद्दल दोन शब्द, कारण लेंटमध्ये तो विषय टाळता येत नाही. माझं आणि माझ्या चुलतभावाचं बांधावरून सहा वर्षं बोलणं बंद होतं. आणि मी दर वर्षी मत्तय ५ मधला तो धडा घ्यायचो: अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. एका रविवारी उपासना सुटल्यावर दारात हात मिळवताना एका म्हाताऱ्यानं हळूच विचारलं, "पाळकसाहेब, तुमचं मिटलं का?" मी त्याच आठवड्यात गेलो. भाऊ शेतात होता. वहिनींनी चहा दिला, पाऊण तास बसलो, आलो. पुढच्या महिन्यात त्याचा फोन आला, तोही मोटारीच्या दुरुस्तीबद्दल. बांध अजून आहे तिथेच आहे. पण पोरांच्या लग्नाला आम्ही एकमेकांकडे जेवलो. समेट म्हणजे गळ्यात पडून रडणंच असं मी आधी समजायचो. पुष्कळदा तो चहाइतकाच असतो.

आता तुमचं ते "आत काहीच हलत नाही".

लेंट आपल्याकडे येतो तो शाळू काढायच्या दिवसांत. तुम्ही शेतकऱ्याच्या घरातल्या आहात, तुम्हाला ठाऊक आहे की शाळूला पाऊस लागत नाही. तो येतो काळ्या रानाच्या पोटातल्या ओलीवर. वर भेगा पडलेल्या असतात, हात घालावा इतक्या, आणि खाली ओल टिकून असते. वरवर काही हलत नाही यावरून खाली काही नाही असा निकाल लावू नका. पन्नाशीतल्या किती बायांनी मला सांगितलंय की पहिल्या वर्षी स्तोत्र पाठ केलं तेव्हा काही वाटलं नाही, नवरा गेला त्या रात्री ते आपोआप ओठांवर आलं. १४३ व्या स्तोत्रात म्हटलंच आहे, कोरड्या भूमीसारखा माझा जीव तुझ्यासाठी तान्हेला आहे. कोरडेपण देवापुढे मांडणं हीच तिथली प्रार्थना आहे. ते लपवून ओलावा आणायचा प्रयत्न नाही. हे स्तोत्र तुमच्या वाट्याला पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरआधीच्या शेवटच्या आठवड्यात, २९ मार्चपासून येईल.

त्या आठवड्याबद्दल माझं एक मत आहे, मंडळीतल्या काहींना रुचत नाही. शुभ शुक्रवारी बारा ते तीन आपल्याकडे येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर संदेश होतात. सात वक्ते, आणि सातही जण येशूला अटक झाली त्या गेथशेमाने बागेपासून सुरुवात करतात. पत्रे तापलेले, पंखे गरम हवा फिरवतात, मुलं रडतात. मला विचाराल तर प्रत्येक उद्गारावर पाच मिनिटं बोलावं आणि दहा मिनिटं गप्प बसावं. पण पाचवा उद्गार आला की मी आजही सावरून बसतो. "मला तहान लागली आहे." योहान १९:२८. एप्रिलमधल्या मराठवाड्यात, गावात टँकर कधी येईल याची वाट बघणाऱ्या माणसांमध्ये हा उद्गार वाचायचा म्हणजे त्याला भाष्याची गरज उरत नाही. एकनाथांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. रामेश्वराला नेत असलेलं काशीचं गंगाजल त्यांनी वाळूत तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. मी ती शुभ शुक्रवारी सांगितली म्हणून एकदा तक्रारही झाली होती. मी पुढच्या वर्षीही सांगितली.

आमच्या एका मंडळीत महिला मंडळानं त्यावर भाषण न करता रस्त्याकडेला पाणपोई केली. दोन रांजण, वर ओलं फडकं, एक डाव आणि पेले. लेंटच्या चौथ्या आठवड्यापासून पावसापर्यंत. पाणी कुणी भरायचं याच्या पाळ्या लावल्या होत्या, भांडणंही झाली, एक रांजण कुणीतरी पळवला. पण उसाचा हंगाम संपवून पायी-बैलगाडीनं परतणारी तोडणी कामगारांची कुटुंबं तिथे थांबायची, लेकरांची तोंडं धुवायची. त्या बायांपैकी कुणी मला कधी विचारलं नाही की पाळकसाहेब, आत काही हलत का नाही.

३ एप्रिलला तुमची दुपारची ड्यूटी लागली, तर सुट्टीसाठी भांडू नका. बारा ते तीन वॉर्डात पाणी मागणाऱ्याला पाणी द्या, एनबीएम असेल, म्हणजे तोंडानं काही द्यायचं नसेल, त्याचे ओठ ओल्या कापसानं पुसा. तुम्ही ते रोजच करता, त्या दिवशी तो उद्गार मनात धरून करा.

राहिला राखेचा बुधवार. आमच्याकडे गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या, शिंदीच्या झावळ्या जपून ठेवतात आणि त्याच जाळून राख करतात. मंगळवारी रात्री तुमची पाळी असेल तर सकाळी युनिफॉर्मवर तशाच पहिल्या उपासनेला पळत येऊ नका. घरी जा, गरम भाकरी खा, झोपा. संध्याकाळच्या उपासनेला या. राख पुष्कळ उरलेली असते.